होटगीचं आकाश, अक्कलकोटातून

अक्कलकोट
सोमवार, २१ एप्रिल २०२५

वैजयंती,

हे पत्र बिरप्पाच्या हाती देते आहे. टेम्पोत पिठाच्या पोत्यावर ठेवायला सांगितलं आहे, म्हणजे पीठ उतरवून घेताना पत्रही घ्यावं लागेल. शरणू गेल्यापासून तीन वर्षांत तू माझा एक फोन उचलला नाहीस. दारात आले तर भावजय म्हणून पाणी विचारायचं सोडून गोठ्यात जाऊन बसतेस. मग लिहिण्यावाचून काय उरलं?

बिरप्पा सांगत होता, बसवजयंतीच्या दासोहाच्या पंगतीसाठी पाच हजार कडक भाकऱ्यांची ऑर्डर तू घेतली आहेस आणि मंगळवारी २९ तारखेला माल इथे मठात पोचवायचा आहे. घे. तुझा धंदा वाढला तर माझ्या पोटात दुखत नाही. पण शेतातल्या वस्तीवर कडुलिंबाखाली चुली मांडून नऊ बायका बसवल्या आहेस, हे ऐकलं आणि शाळेत जायच्या आधी लिहायला बसले. त्याच लिंबाखाली माझा भाऊ गेला. तुला दुसरं झाड मिळालं नाही?

हा आठवडा बरा नाही. काल पारा बेचाळीसवर होता. जमीन तापते, तिला लागून असलेली हवा तापते, हलकी होते आणि वर जाते. कालपर्यंत ही हवा कोरडी होती, म्हणून नुसत्या वावटळी उठल्या. आता दक्षिणेकडून ओलसर वारा सुरू झाला आहे. ओली हवा वर जाऊन गार झाली की तिच्यातली वाफ धुळीच्या बारीक कणांवर बसते, तिचे थेंब होतात, आणि असे अगणित थेंब एकत्र दिसले की आपण त्याला ढग म्हणतो. सातवीच्या पोरांना शिकवते तेच तुला लिहिते आहे. दुपारी तीन ते सहा एकाही बाईला झाडाखाली ठेवू नकोस.

सिद्धेश्वरी


होटगी, वस्तीवरून
सोमवार, २१ एप्रिल

अक्का,

नमस्कार. लिहायची रीत आहे म्हणून लिहिला, मनातून आला असं समजू नका.

तुमचं पत्र पिठाने पांढरं झालं होतं. झटकून वाचलं. वाफ म्हणजे काय हे तुम्ही मला शिकवताय, अक्का? दिवसाला तीनशे भाकऱ्या माझ्या एकटीच्या हाताखालून जातात. हाताला वाफेचे चटके आहेत, तुमच्या हाताला खडूची पूड. कुणाला जास्त कळतं ते राहू द्या.

झाडाखाली नको म्हणता, मग कुठे बसवू? माझी पत्र्याची एक खोली. त्यात चुली पेटवल्या तर भाकऱ्यांच्या आधी बायका कडक होतील. शंभर पावलांवर स्लॅबच्या दोन खोल्या आहेत. तुमच्या अप्पांनी त्या तुमच्या नावावर केल्या, पण विटा ह्यांनी डोक्यावरून वाहिल्या. ह्यांना जाऊन तीन महिने झाले नाहीत तोवर तुम्ही येऊन खोल्यांना कुलूप लावून गेलात. आत आता पाली आणि उंदीर सुखात आहेत. बायकांचा एवढा कळवळा आला असेल तर किल्ली पाठवा. नाहीतर अक्कलकोटात बसून उंटावरून शेळ्या हाकू नका.

आणि विषय तुम्हीच काढलात म्हणून लिहिते. त्या दिवशी पावणेचारला ह्यांच्या मोबाईलवर तुमचा फोन आला. चार वाजता वीज पडली. सगळं गाव म्हणतं, फोनमुळे वीज आली. एवढं काय बोलत होता तुम्ही दोघं? तीन वर्षं झाली, ते तुमच्या तोंडून अजून बाहेर पडलेलं नाही.

वैजयंती


अक्कलकोट
मंगळवार, २२ एप्रिल

वैजयंती,

मोबाईलवर वीज पडत नाही. हे मी तुला शरणूच्या तिसऱ्या दिवशीच सांगितलं होतं, आज पुन्हा सांगते. वीज उंच आणि एकट्या वस्तूवर पडते. मोकळ्या रानात एकटं लिंबाचं झाड असेल तर ती दुसरीकडे कशाला जाईल? फोन खिशात असो वा नसो, झाडाखालच्या माणसाला धोका तोच. गावाचं म्हणणं गावाजवळ ठेव. तू दहावी शिकलेली आहेस, तुझ्या तोंडी हे शोभत नाही.

किल्ली मिळणार नाही. आज भाकऱ्या ठेवशील, उद्या कपाट ठेवशील, आणि परवा तलाठ्याला बोलावून ताबा दाखवशील. मला तू नवी नाहीस.

आज सकाळी नऊला सूर्याभोवती मोठं खळं दिसलं. आकाश निळं होतं, पण फार उंचावर दुधाच्या सायीसारखा पातळ पडदा होता. हा ढग पाण्याच्या थेंबांचा नसतो, बर्फाच्या कणांचा असतो. एप्रिलच्या उन्हात डोक्यावर सात-आठ किलोमीटरवर बर्फ असतो हे तुला खरं वाटणार नाही. या कणांतून ऊन वळतं आणि कडं दिसतं. उंचावर ओल पोचली आहे, एवढा त्याचा अर्थ.

तुझ्याकडे हे दिसलं का ते लिही. कुठल्या दिशेला, किती वाजता. होटगीचं आकाश मला इथून दिसत नाही.

सिद्धेश्वरी


वस्तीवरून
बुधवार, २३ एप्रिल

अक्का,

खळं दिसलं. मल्लव्वांनी पहिल्यांदा बघितलं. त्यांचं वय पंच्याहत्तर, शाळेचं तोंड बघितलेलं नाही, तरी पीठ मळता मळता म्हणाल्या, "खळं लांब, पाऊस जवळ. मळी बरतद, नोडा. दोन-तीन दिसांत पाऊस येतंय बग." तुमच्या बर्फाच्या कणांवाचून त्यांचं काही अडलं नाही.

आज सकाळपासून आभाळ भरून आहे. ना वारा ना ऊन. सगळीकडे एकसारखा राखाडी रंग, घोंगडं पांघरल्यासारखा, आणि घामाने पदर पिळावा लागतो. पाऊस म्हणाल तर थेंब नाही. नुकसान मात्र भरपूर. सकाळी आठला भाकरी मोडून बघितली तर कट् वाजली. दहाला आवाज बारीक झाला. साडेअकराला मोडलीच नाही, वाकली. दीडशे भाकऱ्या सादळल्या. परत तव्यावर चढवल्या, त्यातल्या चाळीस करपल्या, त्या गाईने खाल्ल्या. तुम्हाला ऐकून बरं वाटलं असेल.

तिसऱ्या दिवशीचं तुम्ही आठवण करून दिलंत ते बरं केलंत. घरात माणसं बसलेली, माझ्या डोळ्यांतलं पाणी खळलेलं नाही, आणि तुम्ही मला भिंतीशी उभं करून वीज कशी तयार होते ते शिकवत होता. मी विचारलं होतं, फोनवर काय बोललात? तुम्ही उत्तर दिलंत, मोबाईलवर वीज पडत नाही. मी विचारलं एक आणि उत्तर आलं दुसऱ्याचं. तुमच्या शाळेत पोराने असं लिहिलं तर किती मार्क देता?

वैजयंती


अक्कलकोट
गुरुवार, २४ एप्रिल

वैजयंती,

तुझ्या टोमण्यांना उत्तर देत बसले तर शाळेची घंटा होईल. कामाचं लिहिते.

तुझी भाकरी माझ्या शाळेतल्या यंत्रापेक्षा हुशार निघाली. हवेत किती दमटपणा आहे ते दाखवणारं एक यंत्र आम्हाला मिळालं आहे, पण त्याचा काटा गेल्या वर्षीपासून एकाच जागी चिकटून बसला आहे. आठ ते साडेअकरात भाकरी वाकली म्हणजे तीन-साडेतीन तासांत ओल जमिनीपर्यंत उतरली. रोज याच वेळांना एक भाकरी मोडून बघ आणि लिहून ठेव.

आज ऊन पडेल, आभाळ निळं होईल, आणि तुझ्या बायका म्हणतील की गेलं संकट. तसं समजू नका. कालच्या भरल्या आभाळापेक्षा उद्या-परवाचं निळं आभाळ वाईट. काल ढगांनी ऊन अडवलं होतं, जमीन तापली नव्हती. आता ओलही आहे आणि ऊनही. दुपारी बारानंतर कापसाच्या बोंडासारखे ढग दिसतील. त्यांचं बूड सपाट असतं, सगळ्यांचं एकाच उंचीवर. हवा वर जाता जाता जिथे पुरेशी गार होते, तिथेच वाफेचं पाणी व्हायला लागतं, म्हणून. हे ढग संध्याकाळी विरले तर काळजी नाही. पण ढग रुंदीपेक्षा उंच व्हायला लागला, वरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगला, तर चुली विझवा. त्याचं डोकं लोहाराच्या ऐरणीसारखं चपटं पसरलं तर विचार करायलाही थांबू नका. आत गारा आणि बर्फ एकमेकांवर घासून वीज साठत असते.

चमकलं की मोजायला लाग. आवाज येईपर्यंत तीस व्हायच्या आत असेल तर वीज तुमच्या डोक्यावर पडू शकते, तिथे ऊन असलं तरी.

खोल्यांचं म्हणशील तर माझं उत्तर तेच आहे.

सिद्धेश्वरी


वस्तीवरून
शुक्रवार, २५ एप्रिल, संध्याकाळी पाच

अक्का,

बिरप्पाला थांबवून ठेवून लिहिते आहे.

काल तुमचा कापूस आला. सपाट बुडाचा, तुम्ही लिहिलात तसा. मी बायकांना तीन वाजता उठवलं. सगळ्या दोन तास उन्हात उभ्या राहिल्या आणि पाच वाजता कापूस विरून गेला. तीनशे भाकऱ्यांचं काम मागे पडलं. बायका हसून हसून दमल्या. "वैनी, तुमच्या नणंदेनं आबाळ तारखेवर बोलावलंय काय, कोर्टातल्यावानी?" मला मान वर करायला जागा राहिली नाही. तुमच्यामुळे मी आजवर रडले होते, आता हसंही झालं.

म्हणून आज मी कुणाला उठवलं नाही. हे मुद्दाम लिहिते.

अडीचला दक्षिणेला एकच ढग होता. अर्ध्या तासात तो एवढा उंच झाला की मान मागे टाकून बघावं लागलं. मग वरून चपटा झाला आणि आमच्याकडे पसरायला लागला. चमकलं. मी मोजलं. पहिल्यांदा एकेचाळीस, मग चौतीस, मग तेवीस. धुळीचा लोट आला, कापडावरच्या भाकऱ्या उडाल्या, आणि दहा थेंब पडले. जेमतेम दहा. तेवढ्याने सगळ्या उठल्या आणि लिंबाच्या बुंध्याला जाऊन चिकटल्या. लहानपणापासूनची सवय, पाऊस आला की झाड. मी ओरडत होते, कुणी हलेना. मल्लव्वा मलाच बोलवत होत्या, "ये की गं हितं, भिजतीस कशापायी!"

त्या बुंध्याशी नऊ बायका उभ्या, आणि मी उघड्यावर उभी. मला त्यांच्यात आमचे हे दिसले, अक्का. ताडपत्रीचं टोक हातात धरलेले.

काही झालं नाही. ढग पूर्वेला गेला. गर्जेल तो पडेल काय, असं म्हणत बायका परत चुलीपाशी बसल्या.

बायका पळाल्यावर कुठेतरी शिरणारच. शिरायला खोली असेल तर खोलीत शिरतील, नसेल तर झाडाखाली. किल्ली पाठवा. भीक मागत नाही. उद्या सकाळी टेम्पोतून आली नाही तर पहारेने कुलूप फोडीन. मग खुशाल माझ्यावर केस करा, कोर्टात मी सगळ्यांसमोर विचारीन की फोनवर काय बोलणं झालं होतं.

वैजयंती


अक्कलकोट
शनिवार, २६ एप्रिल

वैजयंती,

सोबत किल्ली आहे. पहार लावू नकोस, दाराची चौकट सागवानी आहे.

आत चुली पेटवायच्या नाहीत. कपाट, पलंग, देव, काहीही ठेवायचं नाही. बायका आणि भाकऱ्या, एवढंच. ३० तारखेला किल्ली परत.

काल तुझ्याकडे जे दिसलं ते इथून दिसलं नाही. इथे दिवसभर ऊन होतं. तू मोजून लिहिलंस म्हणून कळलं. तेवीस म्हणजे सात-आठ किलोमीटर. आज ओल कालच्यापेक्षा जास्त आहे. ढगाने डोकं वर काढलं की हसणाऱ्यांना हसू दे आणि आत ने. ओढत न्यावं लागलं तर ओढत ने.

सिद्धेश्वरी


वस्तीवरून
रविवार, २७ एप्रिल

अक्का,

दहाही जणी जिवंत आहोत. हे पहिल्यांदा लिहिते, कारण बिरप्पाने काल अक्कलकोटात काय काय सांगितलं असेल ते देव जाणे. त्याच्या तोंडी मुंगीचा हत्ती होतो.

काल सकाळी भाकरी मोडून बघितली. नऊलाच वाकली. दोन वाजता ढग उभा राहिला, नैऋत्येला. मी सगळ्यांच्या चुलींत पाणी ओतलं, म्हणजे मागे वळायला कारण उरायला नको. शिव्या खाल्ल्या. खोली उघडली, भाकऱ्यांच्या पाट्या आत घेतल्या, बायकांना हाताला धरून आणलं. पण आत शिरायच्या आधी मल्लव्वांनी दारात आडवा हात घातला. "फोन आत आणायचा न्हाय. शरणू त्यानंच गेला." मी काही बोलायच्या आत एकीने तेलाचा रिकामा डबा आणला. त्यात नऊ मोबाईल टाकले आणि डबा पळत जाऊन लिंबाच्या बुंध्याशी ठेवून आली. मी मागून ओरडले, पण ती ठेवून आलीच.

चार वाजायला दहा कमी असताना गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या नव्हत्या, बोराएवढ्या होत्या. मी मोजत होते. नऊ. पाच. मग मोजायला काही राहिलंच नाही. उजेड आणि आवाज एकदमच आले. खोलीतल्या सगळ्या खाली बसलो. कानात नुसती शिट्टी. मल्लव्वा माझा दंड धरून बसवण्णाचं नाव घेत होत्या, त्यांची नखं अजून उमटलेली आहेत.

पाऊस थांबल्यावर बाहेर आलो. लिंबाचं खोड शेंड्यापासून बुडापर्यंत चिरलं आहे, साल दहा-दहा हात लांब फेकली गेली आहे. बुंध्याशी जमीन उकरल्यासारखी. डब्याचं बूड वितळलं आहे आणि आतले मोबाईल एकमेकांना चिकटले आहेत. परवा याच जागी नऊ बायका उभ्या होत्या.

आता गंमत ऐका. तुम्हाला वाटेल, बायका म्हणाल्या असतील की झाडाखाली नव्हतो म्हणून वाचलो. छे. सगळ्या म्हणतात, फोन लांब ठेवले म्हणून वाचलो. वीज सरळ जाऊन मोबाईलवर पडली, डोळ्यांनी बघितलं! आज सकाळपासून अर्धं होटगी डबा बघून गेलं. तीन वर्षं तुम्ही जे शिकवलं त्याचा एका डब्याने निकाल लावला. लोक माझ्या पाठीवर हात ठेवून सांगताहेत, "गाव म्हनत हुतं तेच खरं निघालं, वैजयंते. नणंदेच्या फोननंच घात केला. तिला काय ठावं, बिचारीला."

बिचारी म्हणताहेत तुम्हाला. फोन करायला नको होता, पण तुम्हाला माहीत नव्हतं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तुम्ही सुटलात, अक्का. आता तुम्हीही तेच म्हणून टाका आणि मोकळ्या व्हा.

वैजयंती


अक्कलकोट
सोमवार, २८ एप्रिल

वैजयंती,

काल दिवसभर तुझं पत्र समोर ठेवून बसले होते. आज शाळेत गेले नाही.

सुटायची वाट तू दाखवलीस, आणि ती किती सोपी आहे हे मला कळतं. गावाने पुरावाही करून ठेवला आहे. पण मोबाईलवर वीज पडत नाही, वैजयंती. त्या डब्याच्या जागी पितळी घागर असती तरी तेच झालं असतं, आणि काहीही नसतं तरी तेच झालं असतं. हे मी याआधी तुला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा खरं सांगून खोटेपणा केला.

त्या दिवशी शरणूने मला मिस कॉल दिला होता. तुझ्या लक्षात असेल, त्याची ती सवय होती. मी उलटा फोन केला. तो म्हणाला, अक्का, दक्षिणेला काळं आलंय, कांदा लिंबाखाली उघड्यावर आहे, झाकत बसू की हिला घेऊन घरात जाऊ? तू सांग, तू मास्तरीण आहेस.

मी स्टाफरूमच्या खिडकीपाशी होते. बाहेर लख्ख ऊन होतं. मी त्याला विचारलं नाही की ढग किती उंच आहे, चमकतंय का, आवाज येतोय का. चौथ्या तासाचे पेपर तपासायचे होते, माझं अर्धं लक्ष तिकडे. मी म्हणाले, "इथं तर काहीच नाही रे. अजून अर्धा तास तरी काही येत नाही. झाकून घे कांदा." खिडकीतून माझं आकाश बघितलं आणि त्याला त्याचं सांगितलं.

पंधरा मिनिटं लागली. वीस मिनिटांनी तुझ्या शेजाऱ्याचा फोन आला.

तू तिसऱ्या दिवशी विचारलंस तेव्हा खरं माझ्या तोंडाशी आलं होतं. ते येऊ नये म्हणून मी विजेवर बोलत सुटले. खोल्यांना कुलूप लावलं तेही याचसाठी. त्या खोल्यांच्या दारातून लिंब दिसतो. मी हक्क दाखवायला आले आहे असं तुला वाटलं, तर तू माझ्याशी भांडत राहशील आणि पुन्हा ते विचारणार नाहीस, असा माझा हिशेब होता. ढगांची पुस्तकं मी तो गेल्यानंतर आणली. आधी मला सातवीच्या धड्यापलीकडे काही येत नव्हतं. येतं असं मात्र मी त्याला वाटू दिलं होतं.

फोनने नाही मारलं त्याला. माझ्या सांगण्याने मारलं. गावात सांगायचं असेल तर सांग. मी येऊन चावडीवर उभी राहून सांगायला तयार आहे.

सिद्धेश्वरी


वस्तीवरून
मंगळवार, २९ एप्रिल

अक्का,

पाच हजार भाकऱ्या टेम्पोत चढल्या. मल्लव्वांनी दोन मोडून बघितल्या, कट् वाजल्या. आज आभाळ कोरडं आहे.

तुमचं पत्र काल दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं. गावाला द्यायला माझ्याकडे तुमचा कागद नको. चावडीवर वगैरे यायचं नाही. तुम्हाला तिथे उभं राहून रडायला बरं वाटेल, आणि गाव तुम्हाला पुन्हा बिचारी म्हणेल. ते मी होऊ देणार नाही.

आता माझं ऐका. मोबाईलवर वीज पडत नाही हे मला पहिल्यापासून माहीत आहे. दहावीला विज्ञानात एकोणसत्तर मार्क होते मला. गावाला फोन हे कारण पुरलं. मला पुरलं नाही, कारण फोन ठेवला तेव्हा मी दहा पावलांवर कांदा भरत होते. फोनवर तुम्ही काय म्हणालात ते ह्यांनी मला त्याच मिनिटाला सांगितलं होतं.

तीन वर्षं मला ठाऊक होतं, अक्का. मी फक्त बघत होते की तुम्ही कधी सांगता. चूक कुणाकडून होत नाही? मी स्वतः दोर आणायला खोलीत गेले नसते तर त्यांच्या शेजारीच असते, आणि तुम्हाला जाब विचारणारं कुणी उरलं नसतं. चुकीचा राग पहिल्या वर्षीच विझला. पण तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून मला फळा दाखवलात, त्याचा राग रोज पेटत राहिला. तो काल तुमच्या पत्राने विझला असं लिहू शकत नाही. विझलेला नाही.

एक गोष्ट मी तुम्हाला कधीच सांगायची नाही असं ठरवलं होतं. तुम्ही खोटं बोलत राहिलात, म्हणून ती माझ्यापाशीच ठेवायचा मला अधिकार होता. आता तो अधिकार तुम्ही काढून घेतलात, त्याचाही राग आहे.

त्या दिवशी काळं एवढं जवळ आलं होतं की मी त्यांना म्हणाले, मरू दे कांदा, चला आत. ते हसले. ताडपत्री खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "अक्का म्हन्ती येळ हाय. अक्का सांगती म्हंजी हाय. तू कशाला भितीस?" आणि झाडाकडे गेले. जराही न घाबरता गेले, अक्का.

वैजयंती